सुधाकाकू, तुमचा पाण्याचा तुंबा

काकू, तुमच्या निखिलदादानं गेल्या आठवड्यात फोनवर मला जे विचारलं, ते ऐकलं असतंत तर तुम्ही जिथं आहात तिथून उठून आला असतात. "मीनल, आईच्या अस्थी त्या तुंब्यात ठेवल्या तर? वरून मेण लावून सील करतो. फायरप्लेसवर छान दिसेल. इट्स सो हर, नाही का?" मी कुकर लावत होते. शिट्टी हातातच राहिली. 'छान दिसेल' असं त्या तुंब्याबद्दल तुमच्यासमोर बोलायची हिंमत माझ्याशिवाय कुणी केली नव्हती. मी म्हटलं, रविवारी सगळे जमणारच आहेत, मी जरा लवकर येते, तोवर काही करू नका. फोन ठेवला आणि तुमच्यावरच चिडले. जायच्या आधी पोराला एवढं सांगून जायला काय झालं होतं तुम्हाला?

पंधरा दिवस झाले तुम्हाला जाऊन. मी अजून रोज चारच्या सुमाराला तुमच्या घराकडे बघते. पडदा सरकलेला असला म्हणजे काकू उठल्या, असा आपला हिशेब होता. आता पडदा सरकलेलाच असतो, तुमची सून श्वेता ऑफिसला जाताना तसाच ठेवून जाते. तरी माझे पाय निघतात. काय करू?

मी तुम्हाला पहिल्यांदा बघितलं तेच त्या तुंब्यासकट. न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्याच वर्षीचा ऑक्टोबर. मी नागपूरहून नवीन आलेली, नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे नोकरी करायची परवानगी नाही. तो सकाळी प्रिन्स्टन जंक्शनची ट्रेन पकडून जायचा तो अंधार पडल्यावर उगवायचा. दिवसभर मी, टीव्ही आणि भिंती. टपालाच्या पेट्यांपाशी जो बाक आहे तिथं तुम्ही बसला होतात, साडीवर निखिलदादाचं जुनं जॅकेट, आणि खांद्याला दोरीनं अडकवलेला वाळक्या दुधी भोपळ्याचा तुंबा. लांब मानेचा, धुरानं काळपट झालेला. तोंडाला मक्याच्या कणसाच्या सालीचं बूच. तुम्ही बूच काढलंत, मान वर केलीत आणि घटाघटा पाणी प्यायलात. समोरून धावत येणारी एक बाई रस्ता ओलांडून पलीकडे गेली. त्या दिवसांत आपल्या रंगाच्या माणसाच्या खांद्यावर काहीही लटकलेलं बघितलं की लोक दचकायचे.

मी घाबरून तुमच्याजवळ आले. म्हटलं, "काकू, ते आत ठेवा नं. कुणी पोलीस बोलवेल बाप्पा."

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "नागपूरची का गं तू?"

"हो."

"तरीच. पाणी पिणाऱ्या म्हातारीला कोण पोलीस बोलवतं? बस इथं. चहा घेतेस का?"

तिथून जे सुरू झालं ते या ऑगस्टपर्यंत. आपलं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे असं निखिलदादा सगळ्यांना सांगायचा. तुम्ही सांगलीच्या, कमी तिखटाच्या, शिस्तीच्या. मी उशिरा उठणारी, मोठ्यानं बोलणारी. पोह्यात साखर घालावी की नाही इथपासून आपली भांडणं. पण खरं भांडण एकच होतं. तो तुंबा वापरायचा की जपायचा.

माझं म्हणणं साधं होतं. जी वस्तू पुन्हा मिळणार नाही, ती रोज सिंकखाली धरायची नसते. एक दिवस हातातून सुटेल आणि फुटेल. तुम्ही म्हणायचात, "फ्रिजातलं पाणी दाताला लागतं. ह्यातलं गार असतं, पण बोचत नाही." मी म्हणायचे, मग मातीचा माठ आणू एडिसनच्या इंडियन दुकानातून. तुम्ही म्हणायचात, "पालथ्या घड्यावर पाणी." आणि चहा गाळायला उठायचात.

त्या तुंब्याच्या निमित्तानं मी सोमबारीला ओळखायला लागले. आता मला ती आपल्या गल्लीतली वाटते. तुमचं नवीन लग्न झालेलं, काका ओरिसात, कोरापुटकडच्या डोंगरांत धरणाच्या कामावर. इंजिनियरांची कॉलनी, चार पत्र्याची घरं, आणि काका दिवसभर साइटवर. "तुझ्यासारखीच होते बघ," असं तुम्ही एकदा म्हणालात, "फक्त टीव्ही नव्हता." आठवडी बाजाराला वरच्या डोंगरातून बोंडा आदिवासी बायका उतरायच्या. त्यांची भाषा तुम्हाला येत नव्हती, तुमची त्यांना. त्यांतलीच एक, सोमवारी जन्मली म्हणून सोमबारी. बाजारात मोडकीतोडकी उडिया आणि बाकी हातवारे, एवढ्यावर तुमची मैत्री झाली. एकदा काकांची जीप वरच्या गावापर्यंत जाणार होती, तेव्हा तुम्ही हट्टानं बसलात आणि तिच्या घरी जाऊन आलात.

मंडळाच्या हळदीकुंकवाला एका बाईनं तुम्हाला डोळे मोठे करून विचारलं होतं, "त्या बायका म्हणे अंगावर नुसते मणीच घालतात?" आठवतंय? तुम्ही तिळगूळ तोंडात टाकलात, शांतपणे चावलात. "त्यांच्या अंगावर काय होतं ते सगळेच विचारतात. त्यांच्या घरात काय होतं ते सांगू का?" आणि मग सांगितलंत. चुलीवर आढ्याला टांगलेले तुंबेच तुंबे, धुरानं काळे झालेले, म्हणजे कीड लागत नाही. एक झऱ्यावरून पाणी आणायचा. एक पोटानं मोठा, पेज घेऊन शेतावर न्यायचा. एकात पुढच्या पेरणीचं बी, तोंड शेणामातीनं लिंपून बंद केलेलं. एक उभा कापला की झाला पेज वाढायचा डाव. आणि पुरुषांचा वेगळा, झाडाच्या रसाचा, आपल्याकडची माडी असते ना, तसा. मी मध्येच विचारलं, पेज म्हणजे आपली पेज? तर म्हणालात, "अगं आपलीच, नाचणीची. शब्दसुद्धा तोच. तुम्हा विदर्भातल्या लोकांना काय कळणार म्हणा." एवढ्या बायकांत माझी काढलीत. पण ती मण्यांवाली बाई नंतर बराच वेळ तुमच्याशेजारी बसून तुंबा करतात कसा ते विचारत होती, हेही खरं.

आणि मग तुम्हाला हुक्की आली की दुसरा तुंबा आपण इथंच पिकवायचा. वेस्ट विंडसरमध्ये! पहिल्या वर्षी वेल हरणांनी खाल्ला. एका सकाळी तुम्ही मागच्या दारात उभ्या राहून त्या हरणांना सांगलीच्या भाषेत जे जे बोललात ते मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या वर्षी जाळी लावली. वेल कुंपणावरून शेजाऱ्याकडे गेला, भोपळे लोंबायला लागले, आणि घरमालकांच्या असोसिएशनचा माणूस चौकशीला आला. तुम्ही त्याला तुमच्या त्या ठसक्यातल्या इंग्रजीत म्हणालात, "हॅलोवीन डेकोरेशन." तो बिचारा थँक्यू म्हणून गेला. मी दाराआड हसून हसून खाली बसले होते.

पण भोपळा वेलावर पुरता निबर व्हायला जेवढं ऊन लागतं तेवढं न्यू जर्सीत कुठलं? थंडी पडली, वेल एका रात्रीत काळा. एकच भोपळा धड निघाला. त्याला भोक पाडून तुम्ही पाणी भरून ठेवलंत, आतला गर कुजायला. गराजमध्ये तो वास! रिया नाक धरून म्हणाली, "आजी, दॅट इज सो ग्रॉस." मग खडे घालून आपण दोघींनी तो आळीपाळीनं खळखळवला. माझे खांदे भरून आले. तुम्ही मात्र मस्त गाणं गुणगुणत होतात. आता राहिला धूर. चूल नाही, मग धूर कुठून आणायचा? तुम्ही तो गॅसच्या वरच्या पंख्याला दोरीनं टांगलात, खाली तव्यावर गोवऱ्यांचे तुकडे ठेवलेत. होमासाठी म्हणून आणलेल्या गोवऱ्या! अलार्म असा काही किंचाळायला लागला की मी स्लिपरवरच धावत आले. तोवर आगीचा बंब दारात. ते धिप्पाड लोक हेल्मेट घालून किचनमध्ये उभे आणि तुम्ही खिडकी उघडत त्यांना विचारताय, "टी? जिंजर टी?" त्यातल्या एकानं टांगलेल्या भोपळ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे काय? तुम्ही म्हणालात, "वॉटर बॉटल. नॉट रेडी." त्यांनी चहा घेतला नाही, पण तो एक जण जाताना हसला. संध्याकाळी निखिलदादानं तुम्हाला आणि तुमच्याबरोबर मलाही फैलावर घेतलं. गोवऱ्या पेटल्या तेव्हा मी तर तिथं नव्हतेसुद्धा! भोपळा आठवड्याभरात बुरशी लागून मऊ पडला तो पडलाच.

कचऱ्याच्या पिशवीत तो टाकताना म्हणालात, "सोमबारीच्या घरात वर्षाला दोनचार होतच असत. एक फुटला की दुसरा तयार. त्यांना ह्याचं काही वाटायचं नाही." मला तेव्हा वाईट वाटलं आणि त्या वाईट वाटण्यात मी भलतंच केलं. तुमच्या वाढदिवसाला काचेचं कपाट आणलं, आत दिवा असलेलं. नवरा आणि मी दोघांनी मिळून जोडलं. म्हटलं, काकू, हा एकच उरलाय, आता तरी ह्याला आराम द्या. तुम्ही माझ्या गालाला हात लावलात, म्हणालात, "किती गोड आहेस गं." दुसऱ्या दिवशी आले तर कपाटात दिवा लागलेला आणि आत ओळीनं कैरीचं लोणचं, लिंबाचं लोणचं, मेतकूट, भाजणीचा डबा. तुंबा सिंकजवळ, भरलेला. असा राग आला होता! आता लिहिताना हसू येतंय. बाई, तुमच्यापुढं कुणाचं काही चाललं नाही.

मग तुमच्या किडन्यांनी दगा दिला. डायलिसिसला मी तुम्हाला ड्राइव्ह करत घेऊन जायचे, कारण निखिलदादा आणि श्वेता दोघंही ऑफिसात आणि मी रिकामी. रिकामी असल्याचा मला पहिल्यांदा आनंद झाला, हे तुम्हाला सांगायचं राहिलं. या देशात माझं काही काम आहे असं मला त्या गाडीत वाटायचं. पाण्यावर बंधन आलं तुमच्या. दिवसाचं पाणी मोजून द्यायचं, छोट्या कपातून. जिनं बारा गावचं पाणी प्यायलेलं, तिच्यासमोर मी औषधाचा कप धरायचे आणि तुम्ही तो मुकाट्यानं घ्यायचात. तुंबा तरी रोज भरून ठेवायला लावायचात. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणे, "घरात भरलेला असावा."

तिथल्या त्या खुर्चीत, हाताला नळ्या लावलेल्या, तुम्ही मला शेवटची गोष्ट सांगितलीत. मी सहज विचारलं होतं, काकू, हा तुंबा सोमबारीनं विकला की दिला? तुम्ही डोळे मिटूनच बोलत होतात. काकांची बदली झाली. जीप दाराशी लागलेली, सामान भरलेलं. सोमबारी सकाळीच डोंगर उतरून आली. वाटेत प्यायला म्हणून पाण्यानं भरलेला तुंबा तिनं तुमच्या हातात दिला. तुमच्या हातात तुमचा पितळेचा तांब्या होता, तोही वाटेसाठी भरलेला. तुम्ही तो तिला दिलात. बस. बोलायला दोघींपाशी शब्दच नव्हते.

"ती माझ्या तांब्यातनं पीत असेल ना गं," तुम्ही म्हणालात. "तिच्यानंतर तिची सून. मग मी तिचा काचेत कसा घालू? तिनं घातला असेल का माझा?"

मशीनचा आवाज चालू होता. तुमचं बरोबर आहे, एवढं तेव्हा म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, बोललं की तुम्ही निरवानिरव करताय हे मान्य केल्यासारखं होईल. म्हणून मी घड्याळ बघितलं आणि अजून किती वेळ आहे ते नर्सला विचारायला गेले.

तर काकू, रविवार. मी सगळ्यांच्या आधी गेले. डायनिंग टेबलावर तुमच्या फोटोशेजारी क्रिमेटोरियममधून मिळालेला काळा प्लास्टिकचा डबा. त्यात तुम्ही. मला बघवेना. निखिलदादालाही बघवत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. म्हणून तर त्याला तुंबा सुचला होता. आईला असल्या डब्यात कसं ठेवायचं? ओट्यावर तुंबा कोरडा ठणठणीत पडलेला, आणि शेजारी मेणाची वडी, नवीकोरी.

मी सरळ नळ सोडला आणि तुंबा खाली धरला.

"मीनल! काय करतेस? फुटेल ना तो. तूच म्हणायचीस."

"म्हणायचे."

"मग?"

"मग काही नाही. तुमची आई ऐकायची नाही, आणि तिचं बरोबर होतं. हे पाण्याचं भांडं आहे निखिलदादा. ह्यात पाणी भरायचं, पेज भरायची, बी ठेवायचं. राख नाही भरायची."

त्याचा चेहरा पडला. आईच्या मृत्यूनंतर पोराला कुणी एवढं तोडून बोलतं का? पण मी थांबले नाही, रडत रडत त्याला ती जीपची गोष्ट सांगितली. सोमबारी, तुंबा, तांब्या. नळ चालूच होता, त्यानंच हात पुढे करून बंद केला.

"पितळेचा?" त्यानं विचारलं. "त्याच्यावर नाव होतं. आईच्या आईनं रुखवतात दिलेला, 'चि. सुधा हीस' असं कोरून. आई म्हणायची प्रवासात हरवला. बाबा कितीदा चिडवायचे तिला त्यावरून, रुखवताचा तांब्या हरवणारी म्हणून. शेवटपर्यंत चिडवायचे. आणि ती हसायची नुसती."

काकू! हे तर तुम्ही मलाही नव्हतं सांगितलं. सासरच्या माणसांत नाव घातलेलं भांडं देऊन टाकलं म्हणजे काय, ते मला कुणी समजवायला नको. आमच्याकडं वाटी हरवली तर माझी आई शेजारच्या चार घरांत नावं वाचत फिरायची. तुम्ही जन्मभर वेंधळेपणाचा शिक्का घेतलात, पण मैत्रिणीचं नाव सांगितलं नाहीत.

"म्हणजे तो तिथं असेल अजून?" निखिलदादा म्हणाला.

"असेल की. पितळेला काय धाड भरते? तुमच्या आईचं नाव असेल त्याच्यावर, आणि ते तिथं कुणाला वाचता येत नसेल. पण भरलेला असेल."

त्यानं माझ्या हातातून तुंबा घेतला. एवढी वर्षं तुम्ही त्याच्यासमोर प्यायलात, पण त्यानं कधी तो तोंडाला लावला नव्हता. कसा धरायचा तेही माहीत नाही. मान फार मागे नेली, पाणी भस्सकन आलं, अर्धं शर्टावर, अर्धं चष्म्यावर. ठसका लागला. मी पाठीवर थापटलं. तो हसायला लागला आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. इस्पितळात नव्हता रडला, क्रिमेटोरियममध्ये नव्हता रडला. आत्ता ओट्याला टेकून ओल्या शर्टात लहान पोरासारखा हुंदके देत होता. रिया वरून धावत आली. "डॅड? व्हॉट हॅपन्ड?" त्यानं तुंबा तिच्या हातात दिला. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, पी.

नंतर लोक आले. प्लास्टिकच्या बाटल्यांचं खोकं मी पायानं टेबलाखाली सारलं. तुंबा हातोहात फिरला, कुणी ओंजळीत घेतलं, कुणी वरून. मी किचनमधून तो भरून आणत होते. अस्थी त्या काळ्या डब्यातच राहणार आहेत. डिसेंबरात निखिलदादा अस्थी घेऊन कृष्णेला जाईल. तिथून पुढं कोरापुटला जाता येईल का ते तो नकाशात बघतोय. सोमबारी असेल नसेल, कुणाला ठाऊक. मी त्याला म्हटलं, जा तर रिकाम्या हातानं जाऊ नका.

तुंबा तुमच्याच किचनमध्ये आहे, सिंकजवळ. मी रोज चारला जाऊन भरते. काल बघितलं तर बुडाशी ओलसर डाग दिसला, अगदी बारीक, बोटाला लागण्याइतका. पाझरायला लागलाय. मी उचलून बघितला, फडक्यानं पुसला आणि पुन्हा गळ्यापर्यंत भरून ठेवला.